ग्लोबमध्ये शेक्सपिअर: उभ्याचं तिकीट की बसायचं? सल्ला हवा

जुलैत लंडनला जातोय, सोबत आई (वय ७०). ग्लोबला, म्हणजे शेक्सपिअरच्या काळच्या नाट्यगृहासारख्या बांधलेल्या उघड्या नाट्यगृहात, एक नाटक बघायचंय. तिकीट कुठलं काढू? आधी वाचून जावं का? मूळ इंग्रजी कितपत कळेल?

पिटातला
एकटे असतात तर डोळे झाकून उभ्याचं सांगितलं असतं. मधल्या उघड्या अंगणात साधारण ७०० जण उभे राहतात, तिकीट सर्वांत स्वस्त आणि नट हाताच्या अंतरावर. पण तिथे खाली बसू देत नाहीत. अडीच-तीन तास ७० व्या वर्षी नको.

आईंसाठी गॅलरीतली शेवटची रांग घ्या. बाकं लाकडी, बिनपाठीची असतात. शेवटच्या रांगेत पाठीला भिंत मिळते. उशी भाड्याने मिळते, ती घ्याच. खालची किंवा मधली गॅलरी बघा, वरच्या गॅलरीला जिने फार. रंगमंचावर दोन जाड खांब आहेत आणि गॅलरीचेही खांब आडवे येतात, म्हणून 'दृश्य अडतं' असा शेरा असलेली स्वस्त जागा टाळा. अगदी बाजूच्या जागांवरून नटांची पाठच जास्त दिसते.

धागाकर्ता
आणि पाऊस आला तर?

पिटातला
प्रयोग चालूच राहतो. गॅलरीवर छप्पर आहे, अंगणावर नाही. छत्री उघडता येत नाही, मागच्यांचं दिसणं बंद होतं. रेनकोट न्या, दुपारचा खेळ असेल तर टोपीही.

संहिताप्रेमी
वाचून जाच, पण अख्खं नको. आधी कथानक अंकवार समजून घ्या, मग दोन-तीन महत्त्वाचे प्रवेश मुळातून, मोठ्याने वाचा. ओळ संपली म्हणून थांबू नका, विरामचिन्हापाशी थांबा. बहुतेकांचं इथेच बिनसतं आणि अर्थ तुटतो. पहिल्या वाचनाला फोल्जर आवृत्ती बरी: उजव्या पानावर संहिता, डाव्यावर टिपा. आर्डन या अभ्यासकांच्या आवृत्तीतल्या तळटीपा अप्रतिम आहेत, पण नवख्याला त्यातून बाहेर येता येत नाही.

शेक्सपिअरच्या इंग्रजीतल्या 'दाऊ' (thou) आणि 'यू' (you) यांतला फरक मराठी कानाला पटकन कळतो, तो आपला तू-तुम्ही. हॅम्लेटच्या तिसऱ्या अंकात आई मुलाला 'दाऊ' म्हणते, तो तिला 'यू' म्हणतो. त्या एका शब्दात केवढा दुरावा आहे!

आईंना मराठीतून हवं असेल आणि नाटक 'किंग लिअर' असेल, तर विंदांचं 'राजा लिअर' द्या. मॅकबेथला शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आहे, पण ते रूपांतर आहे, ओळीला ओळ जुळवू नका. आगरकरांचं 'विकारविलसित' (१८८३) म्हणजे हॅम्लेट. भाषा जुनी, ते नंतर. प्रयोगात संहिता कापलेली असते, त्यामुळे तिथे पुस्तक उघडून बसू नका.

थेम्सकाठ
तिकीट काढताना नाट्यगृहाचं नाव नीट बघा. त्याच आवारात सॅम वॉनामेकर प्लेहाऊस आहे: २०१४ साली उघडलेलं, छोटं, बंदिस्त, मेणबत्त्यांच्या उजेडातलं. सुंदर आहे, पण तो ग्लोब नव्हे.

आणि आजचा ग्लोब १९९७ चा. मूळचा १५९९ चा. १६१३ मध्ये 'आठवा हेन्री'च्या प्रयोगात तोफेची ठिणगी गवती छपरावर पडली आणि तो जळला. वर्षभरात कौलं घालून पुन्हा उभारला, १६४२ मध्ये बंद झाला. ती जागा पार्क स्ट्रीटवर, आताच्या ग्लोबपासून चालत पाच मिनिटांवर आहे. नाटकाआधी जाऊन या. सेंट पॉल्स कॅथीड्रलकडून येणार असाल तर मिलेनियम पुलावरून या. पूल पायी चालणाऱ्यांचाच आहे, आईंना पुलावर गाड्यांची कटकट नाही.