उलव्यातील भरावाच्या भूखंडावर घर : माती तपासणी, पाया आणि पावसाळ्याचे वेळापत्रक

खाडीकाठ (उलवे)

नमस्कार. उलव्यात आमच्या कुटुंबाचा 100 चौरस मीटरचा भूखंड आहे. तो साडेबारा टक्के योजनेतून (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडको भाडेपट्ट्याने भूखंड देते ती योजना) मूळ खातेदारांना मिळाला होता आणि सिडको, खातेदार व आम्ही असा त्रिपक्षीय करार होऊन आता वडिलांच्या नावावर आहे. त्यावर स्वतःच्या राहण्यासाठी तळमजला अधिक दोन मजले असे घर बांधायचे आहे. आराखडे मंजूर झाले आहेत, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आहे आणि मार्चच्या सुरुवातीला खोदाई करावी असा विचार आहे.

गावातील वडीलधारी मंडळी सांगतात की या भागात पूर्वी खाजण होते आणि उधाणाच्या भरतीला पाणी आत येत असे. नंतर त्यावर मुरुमाचा भराव झाला. आमचे ठेकेदार म्हणतात, ‘आजूबाजूची सगळी घरे पाच फूट खोल फुटिंगवर (कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायावर) उभी आहेत, माती तपासणीवर पैसे घालवू नका, तेच पैसे लोखंडात घाला.’ त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण आरसीसी सल्लागार (घराच्या काँक्रीट सांगाड्याचे अभियंते) तपासणीशिवाय पायाचे रेखाचित्र देण्यास तयार नाहीत. शिवाय पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून जोते रस्त्यापासून एक मीटर उचलावे, असा वडिलांचा आग्रह आहे.

तेव्हा माझे तीन प्रश्न आहेत. एवढ्या लहान घरासाठी माती तपासणी खरोखर आवश्यक आहे का? काम आत्ता सुरू करावे की दिवाळीनंतर? आणि ठेका केवळ मजुरीचा द्यावा की मालासह?

आरसीसी_खारघर

आपले सल्लागार योग्य भूमिकेवर ठाम आहेत, त्यांना सोडू नका. घर लहान असल्यामुळे तपासणी टाळता येते हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात तपासणीची गरज घराच्या आकारावरून नव्हे, तर खालच्या जमिनीवरून ठरते.

नवी मुंबईच्या खाडीलगतच्या पट्ट्यात साधारणपणे वर मुरुमाचा किंवा राडारोड्याचा भराव, त्याखाली काळसर निळा, बोटाने दाबला तरी खड्डा पडेल असा सागरी चिखल, आणि त्याखाली झिजलेला व मग पक्का बेसाल्ट असे थर असतात. अडचण अशी की चिखलाचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. एका भूखंडावर तो दोन मीटरवर संपतो आणि पलीकडच्या आळीत आठ मीटर खाली जातो. म्हणून शेजारचे घर उभे आहे, यावरून आपल्या जमिनीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिवाय चिखलातील पाणी दाबाखाली हळूहळू बाहेर पडते आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते, त्यामुळे काल बांधलेले घर आज सरळ दिसते हा पुरावा पुरेसा नाही. संपूर्ण घर सारखे खचले तर एक वेळ निभावते, परंतु एक कोपरा जास्त आणि दुसरा कमी खचला की भिंतींत तिरप्या भेगा पडतात, दारे अडकू लागतात आणि मलवाहिनीचे उतार उलटे होतात.

तपासणी म्हणजे नेमके काय, तेही सांगतो. बोअर (तपासणीसाठी जमिनीत पाडलेले खोल छिद्र) घेताना ठरावीक अंतरावर 63.5 किलोचा घण 75 सेंटीमीटर उंचीवरून पाडून नमुना घेण्याची नळी जमिनीत ठोकतात आणि शेवटचे 30 सेंटीमीटर जाण्यासाठी किती ठोके लागले ते मोजतात. हा आकडा चारच्या आत असेल तर ती माती मऊ समजली जाते आणि तिच्यावर सुटी फुटिंग ठेवणे धोक्याचे असते. भारतीय मानकानुसार लहान इमारतीसाठी मध्यभागी एक बोअरही चालते, पण भरावाच्या जागेवर मी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन बोअर घ्यायला सांगेन, कारण आपल्याला उतरता थर शोधायचा आहे. भूजलातील क्लोराईड आणि सल्फेट यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्या. अहवाल आल्यावर सुटी फुटिंग, राफ्ट (संपूर्ण घराखाली एकच सलग काँक्रीटची लादी) की पाइल (खोल कठीण थरापर्यंत नेलेले काँक्रीटचे खांब) हे सल्लागार ठरवतील. चिखल उथळ असेल तर तो पूर्ण काढून कठीण मुरुमापर्यंत जाणे सर्वांत स्वच्छ उपाय ठरतो. खोल असेल तर पाइलचा खर्च पचवावा लागतो, आणि तो टाळण्यासाठी फुटिंगमध्ये लोखंड वाढवून उपयोग होत नाही, कारण कमकुवत आहे ती माती.

आता वडिलांच्या आग्रहाबद्दल. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांची पाण्याची भीती अगदी खरी आहे. नवी मुंबईचे काही भाग तर मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत आणि तिथला निचरा धारण तलाव व झडपांवर चालतो. मात्र एक मीटर मुरुमाचे वजन चौरस मीटरमागे साधारण पावणेदोन टन होते, तर आपल्यासारख्या घराच्या एका मजल्याचे वजन सरासरी एक ते सव्वा टन. म्हणजे जोते मीटरभर उचलण्यासाठी भराव घातला की चिखलावर एका मजल्याहून अधिक भार येतो, आणि ही गोष्ट बहुतेक वेळा कोणी हिशेबात धरत नाही. पाइल वापरले तरी खचणारा भराव पाइलला सोबत खाली ओढतो. म्हणून जोते उंच हवेच असेल तर तळमजल्याची फरशी भरावावर न टेकवता प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरील तुळयांवर) स्लॅब टाकून ती अधांतरी ठेवावी आणि खाली पोकळी सोडावी. खर्च वाढतो, पण वडिलांची काळजीही दूर होते आणि जमिनीवरचा भारही. निदान आपल्या सल्लागारांना ही उंची आत्ताच सांगा, पायाचे रेखाचित्र झाल्यावर नव्हे.

वेळापत्रकाबद्दल माझे मत असे. पाया खोदून ठेवलेला असताना पाऊस आला, तर तळाची माती पाणी पिऊन मऊ होते आणि तो थर पुन्हा काढावा लागतो. बोअर, अहवाल आणि रेखाचित्र यांना लागणारा वेळ धरून मे महिना संपण्यापूर्वी जोत्यापर्यंत पोहोचता येईल अशी खात्री असेल तरच मार्चमध्ये सुरुवात करा. नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

ऐरोलीची_सुनंदा

माझे घर खाडीच्या बाजूलाच आहे आणि बांधकामाची देखरेख मी स्वतः केली, म्हणून ठेक्याच्या प्रश्नावर लिहिते. त्याआधी वेळेबद्दल थोडा मतभेद नोंदवते. पावसाळ्यापूर्वी जोते पूर्ण होत असेल तर मी जरूर सुरुवात करावी असे म्हणेन, कारण आत घातलेला थोडाफार भराव पावसाच्या पाण्याने बसतो आणि ऑक्टोबरमध्ये वर तोच भराव पुन्हा दाबून घेता येतो. जोत्याला एक पावसाळा पाहू द्यावा, असे आमचे जुने गवंडी म्हणत, आणि ते मला पटले आहे. मात्र तेव्हा कॉलमच्या वर राहिलेल्या सळ्यांवर सिमेंटचे घट्ट पाणी चढवून घ्या आणि पुढे काम सुरू करण्यापूर्वी तारेच्या ब्रशने त्या स्वच्छ करा. खाडीच्या हवेत उघडी सळई एका पावसाळ्यात किती गंजते, ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

ठेक्याबाबत सरसकट उत्तर नाही. घरातील कोणीतरी रोज साइटवर उभे राहू शकत असेल तर मजुरीचा ठेका चांगला, कारण सिमेंट आणि लोखंड कोणते येते ते आपल्या हातात राहते. सगळे नोकरीवर जाणारे असतील तर मालासह ठेका द्यावा, पण मालाचा ब्रँड, ग्रेड आणि जाडी करारात लिहून घ्यावी. दोन्ही पद्धतींत भांडण होते ते चौरस फुटाच्या अर्थावरून. दर स्लॅबच्या क्षेत्रफळावर आहे की बिल्टअप क्षेत्रावर, जिना एकदा मोजायचा की प्रत्येक मजल्यावर, छज्जे, पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत दरात आहे की वेगळी, हे आधी लिहा. आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे कलम पायाच्या खोलीचे आहे. ठेकेदाराने पाच फूट धरून दर दिला असेल आणि अहवालात दहा फूट आले, तर पाचच्या पुढच्या प्रत्येक फुटाची खोदाई, पाणी उपसणे आणि काँक्रीट यांचा दर काय, हे आत्ताच ठरले पाहिजे. खड्डा उघडा असताना ठरवायला गेलो तर आपण अडलेले असतो.

पैसे टप्प्याने द्या, आणि टप्पा पूर्ण झाल्यावर द्या. काही टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याचे कलम घाला; गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा गळतीरोधक थर) आणि खिडक्यांच्या कडा यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. आपल्या ठेकेदारांचा अनुभव मोठा आहे असे आपण लिहिले आहे. अनुभवी माणूस या कलमांना सहसा नाराज होत नाही.

खाडीकाठ (उलवे)

दोघांचेही मनापासून आभार. भरावाचे वजन मजल्यापेक्षा जास्त होते, हे वाचून वडील बराच वेळ शांत बसले आणि मग त्यांनी स्वतः सल्लागारांना दूरध्वनी केला. दोन बोअर घ्यायचे ठरले आहे. आणखी एक शंका आहे. ठेकेदारांचा विचार भूखंडावरच कूपनलिका खोदून तेच पाणी काँक्रीटला आणि क्युरिंगला (काँक्रीट ओले ठेवण्याला) वापरण्याचा आहे, आणि मिश्रण ‘एकास दीड, तीन’ (सिमेंट, रेती, खडी) असे हाताने माल भरून मिक्सरवर करणार आहेत. हे चालेल का?

आरसीसी_खारघर

कूपनलिकेचे पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. आयएस 456 : 2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराईड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि सामू (पीएच) 6 पेक्षा कमी नसावा. खाडीजवळ ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता बरीच असते. पाणी चवीला खारट लागत नाही म्हणून ते चालेल असे धरू नये. मीठ एकदा काँक्रीटमध्ये गेले की ते बाहेर काढता येत नाही. सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. किनारपट्टीवरील जुन्या इमारतींच्या बाल्कन्यांखालून सळ्या दिसतात त्या यामुळेच. हेच खाडीच्या न धुतलेल्या रेतीलाही लागू आहे. चांगली धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) घ्या. क्युरिंगलाही खारे पाणी नको, त्यासाठी टँकर मागवावा लागला तरी चालेल.

‘एकास दीड, तीन’ हे मिश्रण साधारण एम 20 दर्जाचे (एमपुढचा आकडा मोठा तितके काँक्रीट मजबूत) होते, आणि मापाने माल घालून केलेले मिश्रण एम 20 पर्यंतच ग्राह्य धरले जाते. किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या भागांसाठी त्याच मानकात किमान एम 30 आणि 45 मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सांगितले आहे. खाऱ्या, आक्रमक भूजलात गाडलेल्या पायासाठी एम 35 आणि 50 मिलिमीटर. म्हणून पाया, कॉलम आणि स्लॅब यांच्यासाठी डिझाइन मिक्स (चाचण्यांवरून प्रमाण ठरवलेले मिश्रण) घ्या. प्लांटवरून तयार काँक्रीट मागवणे सोयीचे पडेल, फक्त गल्लीत गाडी येते का ते आधी पाहा आणि गाडीतील मालात साइटवर कोणालाही पाणी ओतू देऊ नका. साइटवरच मिक्सर लावायचा झाला, तर पाणी आणि सिमेंटच्या 0.45 या प्रमाणाने 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटरच पाणी बसते, आणि त्यात रेतीतला ओलावाही आला. सिमेंट स्लॅगयुक्त (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेले) किंवा फ्लाय ॲशयुक्त (कोळशाची राख मिसळलेले) निवडा, कारण त्यांतून मीठ आत शिरण्याचा वेग कमी होतो. मात्र त्यांना किमान 10 दिवस ओले ठेवावे लागते, आणि मी 14 दिवस ठेवण्याचा आग्रह धरेन.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी सल्लागारांना साइटवर बोलवा. सळ्यांखाली काँक्रीटचेच कव्हर ब्लॉक आहेत का, खडीचे तुकडे किंवा फरशीचे काप सरकवलेले नाहीत ना, आणि उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवलेली आहेत का, हे पाहण्याची तीच शेवटची संधी असते.

पनवेल_परवाना

परवानगीच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो. जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे आपल्या करारात बांधकाम पूर्ण करण्याची मुदत लिहिलेली असेल. ऑक्टोबरपर्यंत थांबायचे ठरले तर ती तारीख आधी पाहून घ्या, कारण मुदत उलटल्यास अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्य भरून मुदतवाढ घ्यावी लागते.

दुसरे म्हणजे जोत्याची उंची आणि तळमजल्याची रचना मंजूर आराखड्याच्या छेदचित्रात दाखवलेली असते. ती बदलणार असाल, तर सुधारित आराखडा कामापूर्वी सादर करावा लागेल का, हे वास्तुविशारदांकडून लेखी घ्या. जोत्यापर्यंत काम झाले की जोते तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. तेव्हा प्रत्यक्ष मोजमाप आणि आराखडा यांत फरक आढळला तर वरचे काम तिथेच थांबते आणि पुढे भोगवटा प्रमाणपत्रालाही अडचण येते. बाजूच्या भूखंडावर घर असेल, तर खोदाईपूर्वी त्यांच्या भिंतींवर असलेल्या भेगांची छायाचित्रे त्या घरमालकांच्या समक्ष काढून दोघांनीही त्यांवर सह्या करा. आणि त्यांचा पाया आपल्यापेक्षा उथळ असेल तर सगळी बाजू एकदम न खोदता तुकड्यातुकड्याने खोदा.

खाडीकाठ (उलवे)

उजवीकडे घर आहे आणि त्यांचा पाया उथळच असावा. या रविवारी वडिलांना घेऊन त्यांच्याकडे जातो आणि भाडेपट्ट्यातील मुदतीची तारीखही आजच काढून पाहतो.