मदत हवी आहे: लॅबचे कान पुन्हा पुन्हा का बिघडतात?

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या लॅब्रेडॉर, वय चार. आम्ही कोथरूडला राहतो. पावसाळा लागला की याचे कान सुरू होतात. डोकं झाडणं, मागच्या पायाने कान खाजवणं, सोफ्याला घासणं. दोन्ही कानांत तपकिरी, चिकट मळ आणि आंबूस वास. डॉक्टरांच्या थेंबांनी बरं वाटतं, पण थेंब संपले की काही दिवसांत पुन्हा तेच. पाणी दिसलं की हा लोळणारच! रोज वेताळ टेकडीवर जातो, त्यामुळे गोचीड वगैरे तपासते, सध्या नाहीत. खाणं चिकन-भात. हल्ली पंजेही चाटत बसतो, पण ते कंटाळ्याने असावं. सासूबाई म्हणतात, लसूण घालून तेल कोमट करून सोड. सोडू का? आणि मुळात हे होतं कशाने?

टेकडीकर: तेल अजिबात नको. आमच्या बीगलच्या कानात कुसळ गेलं होतं. पावसाळा सरला की टेकडीवरचं गवत वाळतं, तेव्हा जपायचं. पण ते अचानक होतं आणि बहुधा एकाच कानात. तुमचं वेगळं दिसतंय.

गोचीडमारे: कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, नाहीत ना? त्यात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा मळ असतो. पिल्लांत जास्त, आणि घरातल्या मांजरालाही लागतात.

श्वानवेडी: पंज्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला तेच महत्त्वाचं वाटतं. दोन्ही कान, पंजे चाटणं आणि औषध थांबलं की परत, म्हणजे आधी अ‍ॅलर्जीचा संशय घ्यायचा. कुत्र्यांत कान वारंवार बिघडण्याचं ते सगळ्यात मोठं कारण. अ‍ॅलर्जीने कानाची त्वचा सुजते, मग यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि जंतू आयतेच फोफावतात. थेंब यीस्ट मारतात, अ‍ॅलर्जी तशीच राहते. लॅबचे कान लोंबते, कानाची नळीही आधी खाली जाऊन मग आत वळते, त्यामुळे ओल अडकते. पावसाळा आणि पाण्यात लोळणं त्यात भर घालतात, पण मूळ बहुतेक ते नाही.

डॉक्टरांना मळाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, म्हणजे यीस्ट की जंतू ते कळेल. पडदा शाबूत आहे का तेही बघू दे. फाटला असेल तर काही थेंब उलट अपाय करतात. मग खाण्याची चाचणी विचारा. चिकनची अ‍ॅलर्जी कुत्र्यांत बरीच दिसते. निदान आठ आठवडे डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं, सासूबाईंच्या हातची पोळीसुद्धा नाही. (आमच्याकडे चाचणी तिथेच फसली होती!) इअरबड घालू नका, मळ आत ढकलला जातो. मान एका बाजूला कलली, तोल जायला लागला किंवा कानाची पाळी फुग्यासारखी सुजली, तर त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती: पंज्यांचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. उद्याची वेळ घेतलीय, स्लाइडचं विचारते. पोळीचं काम मात्र नवऱ्यावर सोपवतेय, त्याची आई आहे.