'इनडायरेक्ट फ्री किक'ला मराठीत काय म्हणायचं?

गल्लीतला गोलकीपर: कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या संघातल्या बारक्या पोरांसाठी फुटबॉलच्या नियमांचा एकपानी मराठी कागद करतोय. फाऊलच्या बाराव्या नियमापाशी अडकलोय. 'अप्रत्यक्ष मुक्त फटका' लिहिलं तर एक पोरगं म्हणालं, "मामा, हे काय पंचांगातलं हाय व्हय?" अर्थ सरळ आहे. ही किक कुणाला न लागता समोरच्या गोलात गेली तर गोल नाही, त्यांनाच गोलकिक. मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श हवा, तोवर रेफ्री हात वर धरून उभा. एका शब्दात कसं बसवू?

आजोळ कागल: 'परभारी किक'. आमची आजी म्हणायची, "परभारे निरोप धाडला."

शब्दवेडी: उलटा अर्थ होतोय. परभारे म्हणजे ज्याला विचारायला हवं त्याला वगळून. इथं तर मधला माणूस पाहिजेच. त्यापेक्षा 'परहस्ते'. हस्ते-परहस्ते म्हणतो ना आपण.

पेठेतला: फुटबॉलमध्ये 'परहस्ते'? हात लागला की डायरेक्ट फ्री किक असते ताई, आणि तो आपल्याच डीत, म्हणजे गोलापुढच्या चौकोनात, लागला की पेनल्टी 😀

शब्दवेडी: आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम दिलेला पास गोलकीपरनं आपल्या क्षेत्रात हातात घेतला तर काय मिळतं? इनडायरेक्टच. 1992 पासून. म्हणजे हात आलाच की!

पेठेतला: बरं, मानलं. पण शब्द नको. 'इनडायरेक्ट' म्हटलं की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत शेंगा विकणाऱ्यालाही कळतं.

शुद्धलेखन: असंच म्हणत बसलो असतो तर आज महापौराला मेयरच म्हणत असतो. सावरकरांनी शब्द दिला, रुळला. 'फाऊल'ला 'आगळीक' आहे, वापरा की.

पेठेतला: सामना रंगात आलाय आणि मी ओरडू, "ओ पंच, आगळीक!" पुढच्या रविवारी तालमीत घेतील काय मला?

गल्लीतला गोलकीपर: माझा प्रश्न किकचा होता. असो. पेठेतल्यांनी वर 'डीत' लिहिलंय. मीही कागदावर 'डीत फाऊल झाला की पेनल्टी' असंच लिहिलंय. चालेल ना?

रिटायर्ड शिट्टी: अजिबात नाही. याच शब्दापायी मी शिव्या खाल्ल्यात. चौकोनाच्या पुढं जी कमान असते ना, तिथं एकाला पाडलं. मी फ्री किक दिली. अख्खी गॅलरी "डीत! डीत!" करून उठली. त्यांचं खरंच होतं, फुटबॉलात डी म्हणजे ती कमानच, त्यामुळं फाऊल डीतच होता! पण ती कमान पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे चौकोनात, येत नाही. क्षेत्र गोलपोस्टपासून 16.5 मीटर, ठिपका 11 मीटरवर. पेनल्टी मारताना बाकीच्यांनी ठिपक्यापासून 9.15 मीटर लांब राहावं, एवढ्याचसाठी कमान. चौकोनाची रेष मात्र आतली धरायची. बाहेर जर्सी धरली आणि ओढत आत नेलं तरी पेनल्टी.

आजोळ कागल: मग आपण सगळ्या चौकोनाला डी का म्हणतो? आमचे काका सांगायचे, डी म्हणजे 'डेंजर'.

शब्दवेडी: काकांना नमस्कार, पण तो हॉकीतून आला असणार. तिथं गोलापुढचं वळण खरोखर इंग्रजी डीसारखं दिसतं, आणि आतून मारल्याशिवाय गोल धरत नाहीत. शब्द इकडं आला, आकार तिकडंच राहिला.

शुद्धलेखन: म्हणून 'दंडक्षेत्र' म्हणा. गोंधळच नाही.

पेठेतला: दंड म्हणजे बाहू पण होतो. पोरं दंड थोपटत आत शिरतील.

शुद्धलेखन: तालमीतली पोरं ती, थोपटू देत.

पेठेतला: वापरात आहे ते बरोबर. सगळी पेठ चौकोनाला डी म्हणते, तर चौकोनच डी. त्या अर्ध्या गोलाला दुसरं नाव बघा.

रिटायर्ड शिट्टी: अर्धा गोल नाही, त्याहून बराच कमी. आणि कुठला शब्द सुचवायचाय त्यानं हॉकीवाल्यांना विचारूनच सुचवा.

आजोळ कागल: 'चाप' म्हणतात ना भूमितीत? की 'कंस'?

शब्दवेडी: आमच्या शाळेत 'कंस' होता. पण काढताना बाई 'चाप मारा' म्हणायच्या.

गल्लीतला गोलकीपर: कागद उद्या झेरॉक्सला जातोय.

शुद्धलेखन: 'छायाप्रत'ला.