दुरुस्तीची तरतूद म्हणजे कुरण? मग जरा सविस्तर बोलू

जुना ठोकळा

'रोखठोक' यांनी काल लिहिलंय : सार्वजनिक इमारतींच्या देखभालीसाठी दरवर्षी वेगळी तरतूद म्हणजे ठेकेदारांना चरायला कुरण, त्यापेक्षा तोच पैसा साठवा आणि चाळीस वर्षांनी पाडून नवी बांधा. त्यावर लोकांनी 'अगदी मनातलं बोललात'चा पाऊस पाडलाय. तिथेच उत्तर द्यायला बसलो, लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

साठवा म्हणजे कुठे साठवा, साहेब? सरकारी अंदाजपत्रकातला न वापरलेला पैसा बहुतेक ठिकाणी वर्ष संपलं की परत जातो. यंदा कमी खर्च केलात तर पुढच्या वर्षीची रक्कम आधी कापतात, कारण नंतर विचारतात.

आणि इमारत चाळीस वर्षं थांबत नाही. गच्चीवरच्या पावसाळी पाइपाच्या तोंडाशी वाळकी पानं आणि एक प्लास्टिकची पिशवी अडकते. हात घालून काढली तर पाच मिनिटांचं काम. नाही काढली की पाणी तुंबतं, कोब्याच्या भेगेतून स्लॅबमध्ये उतरतं आणि आतल्या सळईला गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. खाली बसणाऱ्याला आधी छताला तपकिरी डाग दिसतो, मग सळईच्या रेषेत सरळ भेग, मग एक दिवस टेबलावर ढलपा. या सगळ्याला इतकी वर्षं लागतात, की पिशवी न काढणारा साहेब तोवर दोनदा बदलून गेलेला असतो.

किती पैसा लागतो याचंही गुपित नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९९० मध्ये सांगितलं : नेहमीच्या देखभाल-दुरुस्तीला दरवर्षी इमारतीच्या पुनर्बांधणी किमतीच्या २ ते ४ टक्के. ती इमारत आज नव्याने बांधायला जे लागेल त्याच्या, तीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चाच्या नव्हे. आपल्याकडचं सूत्र काय? 'गेल्या वर्षी किती दिले? थोडे वाढवून द्या.' कवळी बसवायचीच आहे म्हणून दात घासायचं सोडतं का कोणी?

रोखठोक

दात छान आहेत. आता माझी गोष्ट ऐका. मी एका कार्यालयात बिलं तपासायचो. खात्याचं नाव सांगत नाही. तिथल्या एका संडासाच्या फरश्या मोजमाप पुस्तिकेत दरवर्षी बदलल्या जायच्या. लांबी, रुंदी, सही, सगळं चोख. मी आत जाऊन पाहिलं तर फरश्या माझ्या नोकरीच्या आधीच्या. कोपऱ्यातली फुटकीसुद्धा तीच.

नव्या इमारतीत चोरी होत नाही असं मी म्हणत नाही. पण निदान शेवटी चार भिंती उभ्या दिसतात. दुरुस्तीत काय दिसतं? 'गळती थांबवली.' पावसाळा संपला की सगळ्याच गळत्या थांबतात! तुमचे २ ते ४ टक्के म्हणजे त्याच संडासाला आणखी फरश्या.

साइटवरचा

मी दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणजे ती मोजमापं लिहिणाऱ्यांत. सगळे चोर नसतात हो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा प्रस्ताव मी पावसाळ्याआधी देतो. मंजुरी भर पावसात येते, तेव्हा काम करता येत नाही. पैसा वर्ष संपायला पंधरवडा उरला की येतो, सोबत तोंडी आदेश : खर्ची टाका. पंधरवड्यात काय होतं? रंग. म्हणून दर्शनी भिंत दरवर्षी गुलाबी आणि आत छताला बुरशी. वरून पाहुणे येणार असले तर तोही पंधरवडा मिळत नाही.

नव्या इमारतीला फीत कापता येते. पाइपातला कचरा काढल्याची फीत कापायला आलेला पुढारी मी तरी पाहिला नाही.

उतारवाला

सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. सपाट गच्ची हाच गुन्हा आहे. पाऊस पडतो तिथे छप्पर उतरतं हवं, एवढं आपल्या आज्यांना कळत होतं. आधी पाणी साठेल असं बांधायचं, मग साठलं म्हणून निविदा काढायची. उतार द्या, निम्मा खर्च तिथेच संपला.

फळा-खडू

दादा, पत्र्याच्या उतरत्या छपराखाली कधी शिकवलंय? पाऊस सुरू झाला की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. गणित तरी फळ्यावर लिहून होतं. कविता काय लिहून म्हणायची?

उतारवाला

पत्रे कोण म्हणालं? कौलं म्हणतोय मी.

साइटवरचा

कौलं कोण चढून शाकारणार? वाशांना वाळवी लागली की कोण बदलणार? त्यालाही दरवर्षी माणूस आणि पैसा लागतोच, म्हणजे आलात ना परत तरतुदीवर? आज्यांच्या घरात दर उन्हाळ्यात कोणीतरी वर चढायचं, ते विसरलात वाटतं.

एवढं मात्र खरं, की सपाट गच्चीवर आम्ही लोकही पाप करतो. गळली की जुना कोबा न काढता वर नवा टाकतात. दहा सेंटीमीटरचा एक थर म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. दोन दुरुस्त्या झाल्या की स्लॅबवर जितकं ओझं बसतं तितकं मूळ आराखड्यात कुणी धरलेलंच नसतं. जुना थर काढायला मजुरी लागते, ती अंदाजपत्रकात बसत नाही.

उतारवाला

म्हणजे मी बरोबर. धन्यवाद.

आकडेमोड

उतारवाल्यांसाठी आणखी एक खाऊ. इंग्लंडमध्ये हवेचे बुडबुडे भरलेल्या हलक्या काँक्रीटच्या फळ्या १९५० च्या दशकापासून शाळा-दवाखान्यांत वापरल्या, त्याही मुख्यतः सपाट छपरांना. २०१८ मध्ये एका प्राथमिक शाळेचं असं छप्पर सुट्टीच्या दिवशी कोसळलं, म्हणून मुलं वाचली. त्यानंतरही सर्वेक्षणं रेंगाळली आणि ऑगस्ट २०२३ च्या शेवटी, शाळा उघडायला काही दिवस असताना, शंभराहून जास्त शाळांना तसले भाग बंद करा म्हणून सांगावं लागलं. मुलं तंबूत नाहीतर ऑनलाइन. 'साठवा आणि मग नवी बांधा' याचा श्रीमंत देशातला प्रयोग तो हाच. साठवलं कोणीच नव्हतं.

रोखठोक

श्रीमंत देशात, कडक ऑडिट असून, ही दशा. मग तुमच्या टक्क्यांवर मी का विश्वास ठेवू? रोममधलं पँथिऑन हे जुनं देऊळ बघा. जवळपास एकोणीसशे वर्षं उभं आहे, कुठल्या समितीच्या टक्केवारीशिवाय. नीट बांधा, विषय संपला.

जुना ठोकळा

पँथिऑनच्या घुमटात सळई नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. आणि ६०९ सालापासून ते चर्च म्हणून वापरात आहे, म्हणजे चौदाशे वर्षं त्याला मालक आहे. आजूबाजूच्या बेवारस देवळांचे फक्त खांब शिल्लक आहेत. उलट आयफेल टॉवर पाहा. वीस वर्षांपुरता परवाना होता, पण दर सातेक वर्षांनी रंगवतात, म्हणून १८८९ पासून उभा आहे.

रोखठोक

आयफेल टॉवर तिकिटावर चालतो. तुमच्या तहसील कचेरीला तिकीट लावा, मी पहिलं घेतो.

आकडेमोड

टोमणा बाजूला ठेवला तर मुद्दा खरा आहे, इच्छा नसताना मान्य करतो. उत्पन्न नसलेल्या इमारतीला वाली नसतो. त्यात नवं बांधकाम भांडवली खर्चात जातं, दुरुस्ती महसुली खर्चात, म्हणजे पगार आणि वीजबिलाच्या रांगेत. पैसा कमी पडला की पगार कापता येत नाही, वीज तोडता येत नाही. दुरुस्ती कापता येते, कारण ती ओरडत नाही. बांधकामाला मंजुरी देतानाच पुढच्या देखभालीची रक्कम त्याच कागदावर लिहायची आणि ती दुसरीकडे वळवता येणार नाही अशी सोय करायची, एवढं तरी करा. टाळलेल्या दुरुस्त्यांच्या खर्चाला पुनर्बांधणी किमतीने भागलं की इमारतीची प्रकृती कळते. ढोबळ मानाने ५ टक्क्यांच्या आत ठीक, १० च्या वर वाईट. प्रत्येक इमारतीचा हा आकडा दारावर लावा.

उतारवाला

दारावर लावा, गच्चीवर नको, तिथे पाणी साठतं.

रोखठोक

बरं बाबा, करा तरतूद. देशभक्तांचा विजय असो. माझी एकच अट : ठेकेदाराचं बिल निघण्याआधी त्या इमारतीत बसणाऱ्याची सही. शाळेत मुख्याध्यापिका, दवाखान्यात नर्स. फरश्या बदलल्या का, ते वापरणाऱ्याला विचारा.

जुना ठोकळा

हे आधी लिहिलं असतंत तर माझी संध्याकाळ वाचली असती. मान्य.

फळा-खडू

मला नाही मान्य. आत्ताच बाकं आम्ही मोजतो, टाकीत क्लोरीन आम्ही टाकतो, आता वॉटरप्रूफिंगवर सहीही आमचीच? गळायला लागलं की ठेकेदार फोन उचलणार नाही आणि नोटीस माझ्या टेबलावर येईल. सही घ्यायची तर पहिल्या पावसानंतर घ्या, आणि तोवर त्याचे निम्मे पैसे अडकवून ठेवा.

साइटवरचा

निम्मे अडकवले तर निविदा भरायला कोणी येणार नाही, बाई.

फळा-खडू

मग पाव अडकवा. पण सही पावसानंतरच.