मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजातून गाडी दुरुस्तीचं शिक्षण, आणि फ्लॅट रेटचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते, वय ३९. सांगलीला मेकॅनिकल डिप्लोमा केला, मग चाकणला एका पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होते. लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, इकडे आले. आता ग्रीन कार्ड झालंय, मुलगी मोठी झालीये आणि मला पूर्णवेळ कामाला लागायचंय, तेही वर्कशॉपमध्ये. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी विभाग आहे, तिथे प्रवेश घेणार आहे. 'या वयात?' आणि 'बाईमाणसाने?' हे घरी आणि फोनवर बोलून झालंय, इथे कृपया तो विषय नको. धंद्याच्या आतल्या माणसांचं मत हवंय.

जे कळलंय ते आधी लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. फीची चिंता नाही. राज्यात वर्षभराहून जास्त राहिलेल्यांना कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर पडतात. डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या सत्रांवर चालतं, तिथे युनिटला ३१. एएसई, म्हणजे मेकॅनिकना प्रमाणपत्र देणारी संस्था, तिच्या परीक्षांचंही समजलंय: ए१ ते ए८, म्हणजे इंजिन, ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल गिअर, सस्पेन्शन, ब्रेक, इलेक्ट्रिकल, एसी आणि इंजिन परफॉर्मन्स. आठही पास झालात तर मास्टर. कामाचा २ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातलं १ वर्ष शिक्षणाने भरून निघतं, आणि दर ५ वर्षांनी पुन्हा परीक्षा. एसीच्या गॅसचं काम करायला ईपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याचं, ६०९ प्रमाणपत्र लागतं, स्मॉग चेकचं (गाडीच्या धुराच्या तपासणीचं) लायसन्स राज्याचं वेगळं.

मला या कामात ओढ आहे ती निदानाची. आमची गाडी रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरायची. एका गॅरेजने बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर बदलला, बिल घेतलं, आणि दोन आठवड्यांत गाडी पुन्हा बंद. शेवटी मी मल्टिमीटर घेऊन बसले. गाडी लॉक करून सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपेपर्यंत थांबायचं, मग करंट मोजायचा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा, आमचा त्याच्या कितीतरी वर होता. एकेका फ्यूजवरचा व्होल्टेज ड्रॉप बघत गेले तर डिकीच्या दिव्याचं सर्किट चालूच राहत होतं, लॅचमधला स्विच अडकलेला. एवढंसं काम. पण कुठलाही पार्ट न बदलता दोष नेमका सापडला, तेव्हा चाकणला इतकी वर्षं गेज धरून बसण्यातही झाला नव्हता असा आनंद झाला. मला हेच करायचंय, रोज.

आणि इथेच अडतंय. डीलरशिपमध्ये बऱ्याच ठिकाणी पगार फ्लॅट रेटवर असतो. कुठल्या कामाला किती वेळ हे ठरवणारं पुस्तक असतं, त्यात २ तास लिहिले असतील तर २ तासांचे पैसे. तुम्ही सव्वा तासात उरकलंत तर फायदा तुमचा, बोल्ट तुटून चार तास गेले तर तोटाही तुमचा. ब्रेक पॅड बदलणाऱ्याला हे परवडतं, कारण तेच तेच काम करून हात बसतो. पण वायरिंगचा दोष शोधणाऱ्याचं काय? 'कधीकधी बंद पडते' अशी तक्रार असलेल्या गाडीला पुस्तक किती वेळ देणार? देशभरातला या कामाचा मधला वार्षिक पगार मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीत ४७,७७० डॉलर होता. सनीव्हेलच्या भाड्यासमोर हा आकडा मला घाबरवतो. नवऱ्याच्या पगारावर रेटता येईल हे खरं, पण स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून तर हा खटाटोप.

तर विचारायचं हे:

निदानात हुशार असलेल्या माणसाचा फ्लॅट रेटमध्ये निभाव लागतो का? की सुरुवातीपासून ताशी पगाराचं खासगी गॅरेज किंवा शहराचा, शाळेच्या बसेसचा ताफा सांभाळणारी नोकरी बघावी?

दुसरं, कॉलेजातला साधा कोर्स घ्यावा की कंपनीशी जोडलेला? टोयोटाचा टी-टेन, फोर्डचा असेट, जीएमचा एसेप यांत काही आठवडे वर्गात आणि काही डीलरकडे असं आलटून पालटून शिकवतात. हात लवकर बसत असेल, पण एकाच ब्रँडला बांधलं जाणं कसं वाटतं?

अवजारांचंही सांगा. टेक्निशियनने स्वतःची आणायची असतात म्हणे. स्नॅप-ऑन या अवजारांच्या कंपनीचा ट्रक दर आठवड्याला दारात येतो आणि पोरं हप्त्यांत बुडतात असं ऐकलंय. पहिल्या वर्षी खरोखर काय लागतं?

~~~

ग्रँडरॅपिड्सकर:

ताई, मिशिगनमध्ये आधी डीलरकडे, आता छोट्या खासगी गॅरेजात आहे. आमच्याकडे मेकॅनिकला राज्याचं सर्टिफिकेट सक्तीचं, ते सोडलं तर बाकी चित्र तुम्ही लिहिलंय तेच.

फ्लॅट रेटचं खरं उत्तर दुकानागणिक वेगळं. मी डीलरकडे असताना वॉरंटीच्या कामाला कंपनी वेळ कमी द्यायची, आणि इलेक्ट्रिकलच्या गाड्या नेमक्या वॉरंटीत यायच्या. सगळ्यात हुशार माणसाकडे सगळ्यात किचकट गाडी, आणि शुक्रवारी हिशोब झाला की पगाराचे तास त्याचेच कमी. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: निदानाचा वेळ ग्राहकाकडून वेगळा घेता का, आणि टेक्निशियनला तो पूर्ण मिळतो का? यावर मॅनेजर चाचरला तर समजून घ्या. मी आज आहे तिथे निदानाचं शुल्क गाडी आत घ्यायच्या आधी मान्य करून घेतात. त्या एका नियमाने माझं घर चालतं.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे: गंज नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पाच वर्षांच्या गाडीचा बोल्टही गॅसच्या टॉर्चने तापवल्याशिवाय सुटत नाही. पुस्तकातला वेळ आमच्याकडे जितका फसवा, तितका तुमच्याकडे नाही.

कॉलेजात जे काही घ्याल ते घ्या, पण इलेक्ट्रिकलचा वर्ग पहिल्या संधीला घ्या. ओहमचा नियम डिप्लोमात झालाय, तो इथे रोज लागतो. कॅन बसचं, म्हणजे गाडीतले मॉड्यूल ज्या तारांच्या जोडीवरून एकमेकांशी बोलतात तिचं, उदाहरण घ्या. बॅटरी काढून डायग्नॉस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत रेझिस्टन्स मोजायचा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर, म्हणून ६० यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय. हे समजणारा माणूस दुकानात क्वचित सापडतो, ज्याला समजतं त्याला मालक सोडत नाही.

फ्रीमाँट_पूर्व:

माझे मिस्टर इथे खासगी गॅरेज चालवतात, हिशोब मी बघते. कॅलिफोर्नियाचे नियम नीट वाचून ठेवा, तुमच्या बाजूने आहेत. इथे मालकाला टेक्निशियनकडून हातातली अवजारं आणून घ्यायची असतील तर त्याला किमान वेतनाच्या दुप्पट तरी पगार द्यावा लागतो. तेवढा देत नसेल तर अवजारं मालकाने पुरवायची. बरेच नवखे हे न कळता पहिल्याच महिन्यात ट्रकवाल्याकडे खातं उघडतात.

फ्लॅट रेटचंही तसंच. २०१३ साली इथल्या अपील कोर्टाने सांगितलं की गाडीची वाट बघत उभं राहण्याच्या तासांचे पैसे वेगळे दिलेच पाहिजेत. २०१६ पासून तुकड्यावर पगार घेणाऱ्यांच्या विश्रांतीचे आणि रिकाम्या वेळेचे पैसे वेगळे दाखवण्याचा कायदाही आहे. पगाराच्या स्लिपवर ती ओळ आहे का, ते बघत जा.

पहिल्या वर्षी: पाव, तीन अष्टमांश आणि अर्ध्या इंची ड्राइव्हचे सॉकेट सेट, मिलिमीटरचे पाने, चांगला टॉर्क रेंच, आणि मल्टिमीटर मात्र उत्तम. विद्यार्थ्यांना मोठ्या ब्रँडवर भरघोस सवलत मिळते. ती शिकत असतानाच वापरा, नोकरी लागली की बंद होते. अवजारांची चाकं लावलेली मोठी पेटी नंतर.

ओंटारिओतून:

कॅनडात रचना निराळी आहे. ३१०एस, म्हणजे गाडी दुरुस्तीचा ट्रेड, इथे परवान्याशिवाय करता येत नाही, मालकाकडे अप्रेंटिस म्हणून नाव नोंदवायचं, मधूनमधून कॉलेजात जायचं, शेवटी परीक्षा. शिकताना पगार मिळतो. तुम्हाला ज्या ब्रँड कोर्सबद्दल शंका आहे त्यातही डीलरकडच्या आठवड्यांचा पगार मिळतो, तेव्हा ब्रँडला बांधलं जाण्याची भीती फार धरू नका. ब्रेक सगळ्यांचे सारखेच. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकचं प्रशिक्षण मात्र कंपनीकडे पहिल्यांदा येतं. नारिंगी केबल (जास्त व्होल्टेजची) दिसली की १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, वर चामड्याचे, आणि घालण्याआधी हवा भरून भोक आहे का तपासायचं. ही सवय ज्याने हाताला धरून लावली त्याच्या हाताखाली शिका.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. किमान वेतनाच्या दुप्पटीचा नियम मला कुणीच सांगितला नव्हता, त्याने माझं पहिल्या वर्षाचं गणितच बदललं.

ग्रँडरॅपिड्सकर, ६० ओहमचं वाचून लगेच खाली पार्किंगमध्ये जाऊन मोजलं. ६०.४ आला.

आता एकच उरलंय. इलेक्ट्रिकलचा वर्ग पहिल्याच क्वार्टरला मिळतो का ते कॉलेजच्या काउन्सेलरला विचारणार आहे. नाही मिळाला तर तोवर अर्धवेळ ऑइल आणि टायरच्या कामाला लागावं का? हात चालता राहील, पण 'ल्यूब टेक' म्हणून एकदा घेतलं की लोक वर सरकू देत नाहीत असंही ऐकलंय. फ्रीमाँट_पूर्व, तुमच्याकडे अशी सुरुवात करून पुढे गेलेलं कुणी आहे का?