भरवसा, विश्वास, विसंबणे : चर्चच्या मराठीत फरक काय?

मंडळी एक शंका. शेजारच्या ख्रिस्ती काकूंचं मोठं ऑपरेशन झालं, आयसीयूबाहेर त्यांच्या चर्चची माणसं जमलेली, पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत "आम्ही तुझ्यावर विसंबून आहोत" असं आलं आणि नंतर घरचे एकमेकांना "प्रभूवर भरवसा ठेव" म्हणत होते. श्रद्धा हा शब्द कुठेच नाही, आपल्याकडे तर देवाधर्माचं निघालं की पहिला तोच. आणि विसंबणे म्हणजे विसरणे ना? आमची आजी म्हणायची "ती लेकराला क्षणभर विसंबत नाही". मग उलटं कसं झालं?

प्रतिसाद:
मी नगरकडची, चर्चमध्येच वाढले. विश्वास आमच्याकडे रोजचा शब्द आहे हो, माणसांनाच "विश्वासणारे" म्हणतात (विश्वासू नाही हां, विश्वासू म्हणजे नोकर, मित्र वगैरे). पण विश्वास म्हणजे तुम्ही काय मानता ते, येशू तारणारा आहे हे मानणं. भरवसा म्हणजे त्या मानण्यावर आपलं सगळं वजन टाकणं. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात तर विश्वासाची व्याख्याच भरवसा शब्द घेऊन केलीये, "विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा". आता दवाखान्यात बसलेल्या माणसाला "विश्वास ठेव" म्हटलं की त्याला वाटतं माझाच विश्वास कमी पडतोय म्हणून पेशंटला उतार नाही की काय. असं तोंडावर बोलणारे महाभागही असतात, त्यांना आधी चहा आणायला पाठवावं. भरवसा ठेव म्हटलं की तो दोष लागत नाही.

प्रतिसाद:
विसंबणेचं उत्तर प्रत्ययात आहे. लेकराला विसंबणे म्हणजे विसरणे, नजरेआड करणे, आणि देवावर किंवा माणसावर विसंबणे म्हणजे त्याच्या भरवशावर राहणे. "ला" गेला "वर" आला की अर्थ फिरला. का फिरला याचा माझा आपला अंदाज, एकदा दुसऱ्यावर सोपवलं की ती गोष्ट आपण डोक्यातून काढू शकतो, म्हणजे विसरणं आणि टेकणं तितकं लांब नाहीये. पेत्राच्या पहिल्या पत्रातही "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका" आहे, तिथे क्रियापद टाकणे, ओझं टाकतात तसं. आणि बायबलच्याच यशया नावाच्या पुस्तकात देव म्हणतो की आई एक वेळ तान्ह्या बाळाला विसरेल पण मी तुला विसरणार नाही. म्हणजे माणूस देवावर विसंबतो आणि देव माणसाला विसंबत नाही, मराठीत हे एकाच क्रियापदात बसतं.

प्रतिसाद:
भरवशाच्या म्हशीला टोणगा 😄 सॉरी, राहवलं नाही.
पण "भिऊ नको" पण घ्या चर्चेत. यशया ४१ मध्ये "तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे" आहे आणि रिक्षाच्या मागे स्वामी समर्थांचं "भिऊ नकोस मी तुझ्या पाठीशी आहे". दवाखान्यात ख्रिस्ती बाईने धीर द्यायला भिऊ नको म्हटलं तर शेजारच्या बेडवाल्याला स्वामीच आठवणार.

प्रतिसाद:
गोव्यातून. आमच्याकडे कोंकणीत फेथला भावार्थ म्हणतात. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण (१६१६, गोव्यातल्या राशोलला छापलेलं) मराठी ओव्यांत आहे, त्या काळापासून इथल्या ख्रिस्ती बोलण्यात भाव, भावार्थ, भाविक रुळलेले. पण खरंच घाबरल्यावर कोणी भावार्थ वगैरे म्हणत नाही, "सायबा भोगोस" एवढंच निघतं. म्हणजे देवा, क्षमा कर. संकट आलं की आधी माफी, मागणं मागून!

प्रतिसाद:
नगरच्या ताई, एक अडतंय. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात वादळात नाव बुडायला लागते तेव्हा येशू शिष्यांना "तुम्हाला विश्वास कसा नाही" असंच विचारतो. मग भीतीच्या वेळी विश्वास शब्द नको हे कसं काय?

प्रतिसाद:
दादा, विचारतो खरा, पण कधी विचारतो बघा, वारा थांबवल्यावर. आधी शिष्य त्याला झोपेतून उठवून जवळजवळ भांडतातच, आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काळजी नाही का म्हणून. घाबरलेत, चिडलेत, पण उठवलं त्यालाच. मी याला भरवसा म्हणते. आणि मार्क ९ मधला त्या आजारी मुलाचा बाप तर उघडच म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच दमात, आणि मुलगा बरा होतो.

प्रतिसाद:
श्रद्धाचं राहिलंच. वसईकडे कॅथलिक प्रवचनांत आणि मासिकांत श्रद्धा, श्रद्धावंत सर्रास येतं, त्यामुळे "ख्रिस्ती लोक श्रद्धा म्हणत नाहीत" असा नियम करू नका. प्रॉटेस्टंट मंडळींत मात्र विश्वासच जास्त. काकूंचं चर्च कुठलं?