आडवाटेचा चित्रपट तुम्ही कुणाला दिलात?

'हे पाहाच' अशा याद्या आता प्रत्येकाच्या फोनमध्ये पडून असतात. त्यातलं फारसं काही पाहिलं जात नाही, कारण कुठला चित्रपट कुणासाठी हे यादीत लिहिलेलं नसतं. वेगळ्या घडणीचा चित्रपट तर तसा पोचतच नाही. तो द्यायचा तर माणूस बघून द्यावा लागतो: हा तुझ्यासाठी आहे, असा बघ, इथे कंटाळशील, पण उठू नकोस. म्हणून यादी नको. एकच चित्रपट सांगा, तो कुणाला दिलात, देताना काय बोललात आणि पुढे काय झालं ते लिहा.

सुरुवात मी करतो. माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. हजारो फोटो निघतात, पण अल्बममधून गोष्ट उभी राहत नाही, ही त्याची कायमची तक्रार. त्याला मी क्रिस मार्करचा 'ला जेटे' (१९६२) दिला. अवघ्या २८ मिनिटांचा फ्रेंच चित्रपट. तिसऱ्या महायुद्धानंतरचं उद्ध्वस्त पॅरिस, तळघरात राहणारी माणसं, आणि बालपणीच्या एका आठवणीला धरून भूतकाळात पाठवला जाणारा कैदी. हे सगळं स्थिर छायाचित्रांतून आणि निवेदनातून. अपवाद एकाच जागेचा. तो मी भाच्याला सांगितला नाही, इथेही सांगत नाही. फक्त डोळे पडद्यावरून हलवू नका. टेरी गिलियमच्या 'ट्वेल्व्ह मंकीज'ची प्रेरणा हाच चित्रपट. भाच्याने तो त्याच रात्री पुन्हा लावला, आणि सकाळी विचारलं, "मामा, दोन फोटोंमध्ये किती वेळ थांबायचं, हे त्याला कसं कळलं असेल?" त्याला हा प्रश्न पडावा, एवढंच मला हवं होतं.

डोंबिवलीहून

माझ्याकडे चित्रपट मुलीने आणला आणि मी तो सासूबाईंना दिला. 'जान डिलमान', १९७५ सालचा, शांताल आकरमान या पंचविशीतल्या दिग्दर्शिकेचा. लांबी २०१ मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, आणि तीन दिवस. ती बटाटे सोलते, मांसाचे तुकडे पिठात घोळवते, मुलाचे बूट पुसते, खोलीतून निघताना दर वेळी दिवा मालवते. दुपारी एक पुरुष येतो, पैसे देऊन जातो. ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकते आणि झाकण लावते. कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही. कामाला जितका वेळ लागतो तितका वेळ ते काम आपण बघायचं.

सासूबाईंना फ्रेंच येत नाही, पण संवाद इतके थोडे आहेत की अडलं नाही. मी एवढंच म्हटलं, "आई, यात काही घडत नाही असं वाटेल. तुम्ही तिच्या हातांकडे बघा." चित्रपटातल्या दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. ते भांडं घेऊन ती घरभर फिरते, कुठे टाकावं तिला सुचत नाही. माझं सगळं लक्ष त्या बटाट्यांत, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिने पैशाचं झाकण उघडंच ठेवलंय. हिचं काहीतरी बिनसलंय." ते मला दिसलंच नव्हतं. पन्नास वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला चित्रपटातली दुर्घटना झाकणात दिसली! २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या मतदानात समीक्षकांनी हाच चित्रपट जगात पहिल्या क्रमांकावर ठेवला. एखाद्या स्त्रीचा चित्रपट तिथे पहिल्यांदाच आला. मला मात्र सासूबाईंचं ते वाक्य जास्त मोलाचं वाटतं.

एक सूचना. हा चित्रपट भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत बघू नका. मध्ये जेवायला उठलात तरी चालेल, पण बघताना नुसतं बसा. इतकं लक्ष देऊन घरकामाकडे कुणी बघितलेलं आपल्यालाही ठाऊक नसतं.

बार्शीहून

वर बटाट्यांचा विषय निघालाच आहे, तर माझाही चित्रपट बटाट्यांचाच. आन्येस वार्दाचा 'द ग्लीनर्स अँड आय', २००० सालचा माहितीपट.

आमच्या भागात भुईमूग काढून झाला की बाया-पोरी सरवा वेचायला येतात. जमिनीत राहिलेल्या शेंगा ज्याच्या त्याच्या. माझ्या आईने लहानपणी दुसऱ्याच्या रानात असा सरवा वेचलेला आहे, आणि त्याबद्दल ती कधी मोकळेपणी बोलायची नाही. वार्दाबाई सत्तरी ओलांडल्यावर हातात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन फ्रान्सभर हिंडल्या, त्या अशाच वेचणाऱ्यांना भेटत. फार मोठे किंवा वेडेवाकडे आहेत म्हणून बटाटे शेतावर ओतून दिले जातात आणि माणसं पोती घेऊन ते भरतात. त्यातले पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे बटाटे बाई स्वतःच्या घरी नेतात. एक वकील झगा घालून, कायद्याचं पुस्तक हातात धरून भर शेतात उभा राहतो आणि पीक निघाल्यावर वेचायचा हक्क कायद्यात कसा आहे ते सांगतो. एक गृहस्थ बाजार उठल्यावर पडलेली भाजी-फळं खातात आणि संध्याकाळी परदेशातून आलेल्यांना फुकट फ्रेंच शिकवतात.

मी शेजारी बसून आईला सगळं मराठीत सांगत होतो. वकील आला तेव्हा तिने थांबवायला सांगितलं. "म्हंजे तिकडं कायद्यात हाय व्हय हे? चोरी न्हाई?" मग ती कुणाच्या रानात, कुणाबरोबर जायची, कुठल्या जमिनीत शेंगा जास्त सापडायच्या, मालक बांधावर आला की काय करायचं, हे सगळं निघालं. चित्रपट त्या दिवशी पुरा झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच लावायला सांगितला.

तालुक्याच्या कोर्टातून

वकिलीत येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला मी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) बघायला सांगतो. मराठी आहे, राष्ट्रीय पुरस्कार आहे, व्हेनिसला गौरव झाला, पण आमच्या बाररूममध्ये फार थोड्यांनी पाहिलाय.

गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो. लोकशाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिरांना अटक होते. ही भूमिका वीरा साथीदारांनी केली. ते नागपूरचे, स्वतः चळवळीतले. २०२१ मध्ये ते गेले. चित्रपटात कुणी ओरडत नाही, टेबलावर हात आपटत नाही. कामकाज जसं चालतं तसं चालतं: साक्षीदार येत नाही, कागद राहिलेला असतो, पुढची तारीख पडते. कामगाराची विधवा साक्षीत सांगते की तो आधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजून उतरायचा. हे ती ज्या सपाट आवाजात सांगते, तसंच साक्षीदार खरोखर बोलतात.

ज्युनियरला मी दोन गोष्टी सांगतो. एक, सरकारी वकीलबाईंकडे (गीतांजली कुलकर्णी) खलनायिका म्हणून बघू नको. कोर्ट सुटल्यावर ती मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. तिला तिचं काम नेमकं येतं, आणि धास्तावायला होतं ते त्यामुळेच. दुसरं, शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. तेव्हा उठू नको. पुढे आणखी आहे. एका मुलीने बघून आल्यावर मला विचारलं, "सर, जामिनाच्या अर्जावर आपण तारीख मागून घेतो, तेव्हा आत असलेला माणूस ती तारीख कशी मोजत असेल?" तिचे अर्ज वेळेत तयार असतात.

बेळगावहून

पुरस्कारवाला चित्रपट म्हटलं की आमचे काका टीव्हीसमोरून उठतात. त्यांना मी पुरस्काराचं काहीच न सांगता 'तिथी' लावून दिला. राम रेड्डींचा कन्नड चित्रपट. मंड्या जिल्ह्यातलं खेडं आणि तिथलीच माणसं, अभिनयाचा अनुभव नसलेली. १०१ वर्षांचा तिखट जिभेचा म्हातारा मरतो. अकराव्या दिवसाची तयारी चालू असताना नातवाला जमीन विकायची घाई, आणि जमीन ज्याच्या नावावर यायला हवी तो मधल्या पिढीतला म्हातारा, मेलेल्याचा मुलगा गड्डप्पा, दाढी वाढवून रानोमाळ भटकतोय. त्याला काहीच नको. आमच्या घरात उताऱ्यावरच्या नावावरून बरंच झालेलं आहे. काका पोट धरून हसले, आणि गड्डप्पा रात्री धनगरांना आपली गोष्ट सांगतो तिथे एकदम गप्प झाले. कन्नड कळणाऱ्यांनी तर सोडूच नये.

कुडाळजवळून

मी शाळेत शिकवते. जी. अरविंदन यांचा 'कुम्माटी' (१९७९) सहावीच्या वर्गाला दाखवला. मल्याळम चित्रपट, अरविंदन मूळचे व्यंगचित्रकार. काही वर्षांपूर्वी त्याची जुनी प्रत दुरुस्त होऊन पुन्हा झळाळली आहे, तीच शोधा, कारण त्यातलं गवत, आभाळ आणि धूळ नीट दिसायला हवी. गावात दर वर्षी मुखवटे घेऊन गाणारा, नाचणारा म्हातारा येतो. मुलं त्याला भितात आणि त्याच्याच मागे लागतात. एके दिवशी खेळता खेळता तो मुलांना प्राणी करतो. पुन्हा माणूस करायच्या वेळी चिंदन तिथे नसतो. तो कुत्रा होऊन राहतो.

भाषेची मला काळजी होती. पण दशावतार बघत वाढलेल्या मुलांना रंगवलेला चेहरा, नाचत येणारा माणूस आणि त्याच्या अंगातली जादू समजावून सांगावी लागत नाही. मी फक्त तीन-चार जागी थांबवून काय चाललंय ते सांगितलं. कुत्रा झालेला चिंदन घरी परत येतो आणि आई त्याला ओळखते, तिथे कुणीही हसलं नाही. नंतर चित्र काढायला सांगितलं, तर निम्म्या वर्गाने कुत्र्याच्या डोळ्यांतून दिसणारं घर काढलं. उंबरा मोठा, माणसांचे नुसते पाय. हे मी सुचवलं नव्हतं.

पुढच्या सत्रात त्यांना इराणी दिग्दर्शक किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम' (१९८७) दाखवायचा विचार आहे. चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करायला शेजारच्या गावात धावणारा अहमद त्यांना आवडेल याची खात्री आहे. पण त्यात मोठी माणसं मुलाचं ऐकूनच घेत नाहीत असे लांब प्रसंग आहेत, आणि फारसी संवाद भराभर येतात. कुणी मुलांना हा दाखवला असेल तर कुठे थांबलात, किती सांगितलंत, आणि एका बैठकीत दाखवलात की दोन, ते जरूर लिहा.